गादीवाल्या सेइगोसानना मरता येईना

आमच्या बाजारात दिवसाकाठी चार-पाच माणसं मरतात आणि कोणी दुकान बंद करत नाही. कोणीतरी समोरून बोट रोखतं, "ठो!" म्हणतं, आणि ज्याच्यावर रोखलं तो छाती धरून कोसळतो. मग उठतो, कपडे झटकतो आणि गिऱ्हाइकाला विचारतो, "हं, मुळा एक देऊ की दोन?" ओसाकात जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बाळ बसायला लागलं की आजोबा त्याच्यावर बोट रोखतात, आणि बाळ मागे कलंडलं की सगळं घर म्हणतं, आपलंच आहे.

मरण्याची ज्याची त्याची तऱ्हा असते. लोणचंवाले दोईसान आमच्या बाजार मंडळाचे अध्यक्ष. ते इतका वेळ मरतात की गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडून लोणचं घेऊन घरी जातं. नाक्यावरच्या चौकीतल्या हवालदाराला कामावर असताना मरायची परवानगी नाही, म्हणून तो नुसती टोपी पाडतो. माझं मरण साधं. माझं दुकान कोंबूचं, म्हणजे समुद्रातल्या वाळवलेल्या पाल्याचं. मी जुड्यांवर आडवी होते आणि जीभ बाहेर काढते, संपलं. पण मरावं तर समोरच्या गादीवाल्या हिसाएने. हिसाए आणि मी एका बाकावर बसून शिकलो, तेव्हापासून बघतेय. तिच्यावर बोट रोखलं की ती आधी स्वतःच्या छातीकडे बघते, मग मारणाऱ्याकडे अशी बघते की त्याला वाटावं, उगाच मारलं बिचारीला. मग दोन पावलं झोकांड्या खात जाते, "अगं बाई, चुलीवर मासा राहिला!" म्हणते आणि पडते. एकदा वाटेने जाणारी एक म्हातारी हे बघून खरोखर रडली होती.

आणि अशा बाईच्या पदरात पडले सेइगोसान.

सेइगोसान घरजावई. हिसाएला भाऊ नाही, दुकान आजोबा-पणजोबांपासूनचं, म्हणून तिच्या वडिलांनी फुकुईकडच्या डोंगरातला मुलगा शोधला. त्या गावात हिवाळाभर बर्फ दाराला टेकलेलं असतं आणि माणसं तोंड उघडत नाहीत, आत थंडी जाईल म्हणून. बघण्याच्या कार्यक्रमात चहा झाला, मोठी माणसं मुद्दाम बागेत गेली, आणि हिसाएने टेबलापलीकडून बोट रोखून म्हटलं, "ठो!" सेइगोसाननी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्यांनी पुढे वळून अगदी काळजीने विचारलं, "कोणाला लागली?"

हिसाए घरी येऊन म्हणाली, "हा मुलगा नको." वडील म्हणाले, "गादीचा धंदा म्हणजे झोपेचा धंदा. त्यात असाच माणूस लागतो." झालं लग्न. सेइगोसाननी आपलं आडनाव सोडून सासऱ्याचं मात्सुनामी लावलं. घर तिचं, दुकान तिचं, म्हणून ती नवऱ्याला पहिल्यापासून अरे-तुरे करते, आणि मालकाची मुलगी म्हणून ते तिला अहो-जाहो करतात. सासरे गेले, मालक तेच झाले, तरी त्यांचं 'हिसाएसान, तुम्ही' काही सुटलं नाही.

धंद्यात मात्र बोट ठेवायला जागा नाही. एका बाईने उशी परत आणली, म्हणाली, हिच्यावर डोकं टेकलं की वाईट स्वप्नं पडतात. दुसऱ्या कोणी बाईला वाटेला लावलं असतं. सेइगोसाननी ती उशी आठवडाभर स्वतःच्या डोक्याखाली घेतली आणि मग बाईच्या घरी जाऊन सांगितलं, "मला फक्त एक बकरी दिसली. ती काही वाईट वागली नाही." बाईने उशी मुकाट्याने ठेवून घेतली. हा विनोद आहे असं समजून बाजार दोन दिवस हसला. सेइगोसानना वाटलं, लोक बकरीला हसतायत, आणि त्यांना बकरीबद्दल वाईट वाटलं.

टोकियोत असल्या माणसाला सज्जन म्हणतात. आमच्याकडे सज्जन म्हणजे ज्याच्यापाशी थांबून बोलण्यात अर्थ नाही तो.

लग्नानंतरही हिसाएने हार मानली नव्हती. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की ती बोट रोखायची, "ठो!" सेइगोसान म्हणायचे, "काही हवंय का?" कधी म्हणायचे, "बोट दुखतंय का?" एकदा तर पट्टी घेऊन आले आणि तिच्या बोटाला नीट बांधून दिली. मी समोरून बघत हसून हसून बेजार व्हायचे. मग एका सकाळी शटर वर गेलं आणि हिसाए नुसतीच आत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं तर म्हणाली, "तोमोए, भिंतीवर चेंडू मारला तर भिंत निदान परत तरी देते गं." त्याला आता वीसेक वर्षं झाली असतील. मला त्यानंतर सकाळी त्या शटरकडे बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

असं सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, तेवढ्यात या वसंतात रामीरो आला.

रामीरो उरुग्वे नावाच्या देशातला. पृथ्वीला इथून भोक पाडलं तर तो देश लागतो, असं दोईसान म्हणाले. म्हणजे बहुतेक लागत नसावा. बरोबर दोन मित्र होते. लुसिया नावाची मुलगी, तिच्या हातात कायम फोन, आणि तेओ नावाचा एक गुबगुबीत इसम, त्याच्या हातात कायम काहीतरी खायचं. बंद पडलेल्या खडावांच्या दुकानावरची खोली त्यांनी सुट्टीपुरती भाड्याने घेतली होती. किल्ला बघायचा, मत्स्यालय बघायचं, नदीवर दिव्यांची गंमत बघायची, असा त्यांचा बेत होता. पण त्याच्या गावी कोणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं की ओसाकातल्या माणसावर बोट रोखून बघ.

पहिल्या सकाळी तो माझ्या दुकानासमोर उभा राहिला, ताडासारखा उंच, कानापर्यंत लाजलेला. "ओबाचान," म्हणजे मावशी, असं म्हणाला आणि बोट वर केलं. "ठो?" म्हणजे त्याने गोळीसुद्धा विचारून झाडली. मी हातातली जुडी सोडली आणि आडवी झाले. डोळे उघडले तेव्हा पोरगं दोन्ही हातांनी तोंड झाकून उभं होतं, डोळ्यांत पाणी. असा आनंद मी लग्नाच्या मांडवातही कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

झालं, त्या दिवसापासून त्याची सहल म्हणजे आमचा बाजार. सकाळी या टोकाला शिरायचा आणि माणसं पाडत पाडत त्या टोकाला निघायचा. जपानी त्याला दहा-बारा शब्दांपलीकडे येत नव्हतं, बाकी त्याच्या फोनमधली बाई बोलायची, पण गोळीला भाषा कशाला लागते? लोकही तयारीत राहायला लागले. दोईसाननी मागे उशी मांडून ठेवली. केस कापणाऱ्या मियुकीसाननी मरताना बरं दिसावं म्हणून स्वतःचे केस कुरळे करून घेतले. एकच म्हातारा रुसला, का, तर परदेशी पाहुण्याने शेजारच्याला चुकून दोनदा मारलं आणि त्याला एकदाही नाही, म्हणून तो शेजाऱ्याशी बोलेना. लुसिया सगळं फोनमध्ये टिपून जगाला दाखवत होती. फक्त अधूनमधून ती रामीरोच्या बाहीला धरून काहीतरी ओरडायची, त्यातला 'किल्ला' तेवढा आम्हाला कळायचा.

आणि मग तो गादीच्या दुकानासमोर आला.

सेइगोसान दारात उभे राहून गादीच्या खोळीची घडी घालत होते. रामीरोने बोट रोखलं. "ठो!" सेइगोसाननी मागे वळून पाहिलं. मग पुढे पाहिलं, त्याच्या बोटाची दिशा नीट न्याहाळली आणि म्हणाले, "संडास होय? सरळ जा, मग डावीकडे." रामीरोला वाटलं, नेम चुकला. त्याने पुन्हा झाडली. सेइगोसाननी कमरेत वाकून नमस्कार केला. मग त्याने दोन्ही हातांनी मशीनगन धरली आणि तोंडाने तडतड आवाज करत अंगभर थरथरला. सेइगोसान आत धावत गेले, गार जवाचा चहा घेऊन आले आणि त्याला स्टुलावर बसवून म्हणाले, "हळूहळू प्या. प्रवास बाधतो कधीकधी."

सगळा बाजार बघत होता. लुसियाचा फोनही बघत होता. दुकानात आत हिसाए होती, तिने हातातली दोऱ्याची रिळं गल्ल्यावर ठेवली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रामीरो बिस्किटांचा डबा घेऊन हजर. आपल्या हातून काही अपमान झाला, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. फोनमधली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला मारलं तरी तुम्ही जिवंत आहात. माझं काय चुकलं?" सेइगोसान खजील होऊन म्हणाले, "नाही नाही, तुमची काहीच चूक नाही. माझ्याच जिवंत राहण्यात काहीतरी कमी पडलं असेल." हे फोनमधल्या बाईने तिकडच्या भाषेत काय करून सांगितलं देव जाणे, रामीरोचा चेहरा आणखी पडला. त्याला आता कोणालाच मारवेना. माझ्यावर बोट रोखलं तेही अर्ध्यात खाली घेतलं. मी अर्धी आडवी झाले होते, तशीच अवघडून राहिले. तेओने त्याला ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गरम गोळे, भरवून बघितले, लुसियाने किल्ल्याचं चित्र नाकापुढे धरलं. तो खडावांच्या दुकानाच्या पायरीवर बसून समोर गादीवाल्याकडे बघत राहिला.

त्या संध्याकाळी दोईसाननी मंडळाची तातडीची बैठक बोलावली.

"जगभर दिसतंय," दोईसान म्हणाले, "की आमच्या बाजारात एक माणूस गोळी खाऊन उभा राहतो, आणि वर चहा पाजतो. परवा ही मुलं जाणार. त्याआधी मात्सुनामीसान मेले पाहिजेत."

मियुकीसान म्हणाल्या, "त्या दिवशी दुकान बंद ठेवलं तर?"

"म्हणजे पळाले असं होईल! त्यापेक्षा जिवंत परवडले."

"मग त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणाला गादीवर उभं करा," असं तो रुसलेला म्हातारा म्हणाला. दुसरा कोण, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं.

हिसाए माझ्या शेजारी होती. ती इतका वेळ चहाचा पेला नुसता हातात फिरवत होती. एकदम म्हणाली, "उगाच घसा कोरडा करू नका. तो मरणार नाही. मी प्रयत्न करून बसलेय." सगळे हसले. हिसाए बोलली की हसायची आम्हाला सवयच आहे. पण मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते. ती हसत नव्हती.

तेवढ्यात सेइगोसान उठले, वाकले आणि म्हणाले, "माझ्यामुळे सर्वांना तसदी झाली. मी मरण्याचा मनापासून प्रयत्न करीन."

दुसऱ्या दिवशी गादीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोईसाननी शिकवणी लावली. मी आणि मियुकीसान दारातून बघत होतो.

"मी ठो म्हटलं की पडायचं," दोईसान म्हणाले.

"गोळी कुठे लागली असेल?"

"छातीत."

"डावीकडे की उजवीकडे?"

"अहो, तुम्हाला सोयीची पडेल तिथे!"

"पण मारणारा तो आहे. ते त्याने ठरवायला नको का?" सेइगोसान विचारात पडले. "आणि मला त्याने का मारलं, हे कळलं तर बरं होईल."

"उगाच! गंमत म्हणून!"

"तसा मुलगा वाटत नाही हो तो. काल बिस्किटं घेऊन आला होता."

दोईसाननी कपाळावर हात मारला आणि बोट रोखलं. "ठो!"

सेइगोसाननी मान डोलावली. चष्मा काढून खिशात ठेवला. चपला काढून जोडीने भिंतीशी लावल्या. गादीचा दुमडलेला कोपरा सरळ केला, आडवे झाले, पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं आणि म्हणाले, "मेलो."

"हे मरण नाही, मात्सुनामीसान," दोईसान ओरडले, "ही गादीची जाहिरात आहे!"

तासाभराने दोईसान आवाज बसून घरी गेले. दुपारी सेइगोसान माझ्याकडे रश्शासाठी कोंबू घ्यायला आले. जुडी हातात घेऊन उभेच राहिले. मी म्हटलं, "एवढं मनाला लावून घेऊ नका. दोईसान म्हणजे कोण लागून गेले! उद्या परदेशी जातील, परवा लोक विसरतील."

"बाजाराचं नाही हो, तोमोएसान," ते म्हणाले. मग बराच वेळ जुडीची दोरी सोडत आणि बांधत राहिले. "हिसाएसान रोज सकाळी माझ्यावर गोळी झाडायच्या. तुम्हाला आठवत असेल."

"आठवतं."

"सुरुवातीला मला कळायचंच नाही. मग कळलं. पण कसं पडावं हे ठरेपर्यंत त्या आत निघून जायच्या. मी म्हणायचो, उद्या नक्की पडू. उद्या पुन्हा तेच. मी जरा सावकाश माणूस आहे." त्यांनी जुडी खाली ठेवली. "एकदा सगळं ठरलं. दाराच्या चौकटीला पाठ लावायची, घसरत खाली यायचं, उजवा हात असा. रात्रभर घोकलं. सकाळी शटर वर केलं, आणि त्यांनी झाडलीच नाही."

मी समोरचा कोंबू उगाच एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत ठेवला.

"तेव्हापासून मी रोज तयार असतो," सेइगोसान म्हणाले. "पण त्या झाडतच नाहीत. आता या मुलासाठी पडायचं म्हटलं की वाटतं, ते पडणं राखून ठेवलेलं आहे. दुसऱ्याच्या गोळीवर कसं खर्च करायचं?"

"अहो मग तिला सांगा ना! नाहीतर मी सांगते. आत्ता जाते."

"नको, नको!" ते घाबरले. "सांगून झाडायला लावलेली गोळी म्हणजे... नको. त्यांना आपणहून वाटलं पाहिजे. तुम्ही वचन द्या."

दिलं वचन. देऊन मी माझ्याच नावाने बोटं मोडली. एक मूर्ख वीस वर्षं गोळीची वाट बघत उभा, आणि दुसरी मूर्ख वीस वर्षं भिंत समजून गप्प. आणि मी दोघांच्या समोर कोंबू विकत बसलेली. संतापाने मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला विनाकारण फटकारलं.

जायच्या दिवशी सकाळपासून ऊन होतं, म्हणून सेइगोसाननी नेहमीप्रमाणे नव्या गाद्यांची चळत दुकानाबाहेर मांडली होती, माणसाच्या छातीएवढी उंच. दुपारी रामीरो मंडळी चाकांच्या बॅगा ओढत खाली उतरली. बाजाराच्या दोन्ही बाजूंना लोक उभे. मियुकीसान अर्धवट केस कापलेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर आल्या होत्या. हवालदार टोपी सैल करून नाक्यावर थांबला होता. किल्ला राहिला तो राहिलाच, पण लुसियाचासुद्धा राग आता मावळला होता. तिलाही हा माणूस मेलेला बघायचा होता.

रामीरो गादीच्या दुकानासमोर थांबला. बॅग सोडली. वाकून नमस्कार केला. सेइगोसाननीही केला. मग त्याने बोट वर केलं.

"ठो!"

सेइगोसाननी छातीवर हात नेला. मग तो हात त्यांनी उजवीकडे नेला, पुन्हा डावीकडे आणला. गुडघे जरासे वाकवले. चष्मा काढला. मागे जमीन स्वच्छ आहे का पाहिलं. आणि सरळ उभे राहून म्हणाले, "क्षमा करा. मला जमत नाही."

दोईसाननी डोळे मिटून घेतले. रामीरोचं बोट हवेत तसंच राहिलं, कुठे ठेवावं ते त्याला कळेना. सेइगोसान चष्मा हातात धरून जमिनीकडे बघत होते, कान लाल झालेले.

आणि दुकानातून हिसाए बाहेर आली. कामाचा ॲप्रन झटकत, खांदे मागे, जशी ती नेहमी येते. हिसाएला दुसऱ्याची फजिती बघवत नाही, स्वतःच्या नवऱ्याची तर नाहीच, कितीही चिडलेली असो. तिने कोपराने सेइगोसानना बाजूला सारलं.

"हट तू," ती म्हणाली. "मारायचंय ना? मग इकडे मार, दादा. मालकीण मी आहे." आणि तिने दोन्ही हात पसरले.

लोक हसले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हिसाए मरणार म्हणजे सगळं निभावून नेणार. रामीरोच्याही चेहऱ्यावर रंग आला. त्याने बोट तिच्याकडे वळवलं, एक डोळा मिटला, नेम धरला.

"ठो!"

मी तिच्याकडे बघत होते, छातीकडे कधी बघते म्हणून. त्यामुळे सेइगोसान नेमके केव्हा उडाले ते मला दिसलं नाही. एक आवाज आला, "नाही!" असा. तो आवाज कोणाचा हे बाजारात कोणालाच ओळखता आलं नाही, कारण सेइगोसानना ओरडताना कोणी ऐकलंच नव्हतं. चष्मा एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि तो सावकाश माणूस दोन्ही हात पसरून बायकोच्या पुढ्यात हवेत आडवा. गोळी बसली. अशी बसली की मी स्वतः खांबाला धरलं. ते तसेच जाऊन गाद्यांच्या चळतीवर आदळले, चळत हलली, डोलली, आणि सगळ्या गाद्या एकामागून एक त्यांच्या अंगावर आल्या. शेवटी बाहेर फक्त एक पायमोजा दिसत होता.

कोणी टाळी वाजवली नाही. हवालदाराची टोपी पडली, पण ती त्याने पाडली नव्हती.

हिसाए तशीच उभी होती, हात पसरलेले, तोंड उघडं. चुलीवरच्या माशाचं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं असणार. ते तिथेच राहिलं.

"हिसाएचान," दोईसान हळूच म्हणाले, "मर ना."

ती मेली नाही. शाळेपासून मी तिला ओळखते, बोट रोखलं आणि ती उभी राहिली असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मग ती धावली. गाद्या उपसून दोन्ही बाजूंना फेकू लागली, नव्या कोऱ्या गाद्या, रस्त्याच्या धुळीत. "अरे मूर्खा," ती म्हणत होती, "तुला कोणी सांगितलं होतं मध्ये यायला? कोणी सांगितलं होतं?"

शेवटच्या गादीखाली सेइगोसान पाठीवर पडले होते. चेहरा घामाने ओला, केस विस्कटलेले. त्यांनी डोळे किलकिले करून तिला शोधलं.

"हिसाएसान," ते म्हणाले, "तुम्हाला लागली नाही ना?"

आमच्या बाजारात असं एकही वाक्य नाही ज्याला हिसाएकडे उलट उत्तर नाही. आम्ही सगळे वाट बघत होतो. ती गुडघ्यांवर बसली, ॲप्रनच्या टोकाने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, आणि तिचा हात तिथेच राहिला.

"नाही," ती म्हणाली. "नाही लागली."

रामीरोने आपलं बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून खाली घेतलं होतं. लुसियाच्या फोनमध्ये फक्त जमीन दिसत होती, आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं. तेओने तोंडातला घास गिळला नव्हता. दोईसान काहीतरी भाषण करायला पुढे सरकले, तर मियुकीसाननी त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना मागे ओढलं. मग आम्ही सगळे आपापल्या दुकानांत गेलो, कारण तिथे उभं राहून बघणं बरं दिसलं नसतं.